मधल्या फटीचे चार सेकंद

१२ जानेवारी

नणंदबाई,

पत्राच्या वर काय लिहावं यात दोन कागद फुकट गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील आणि काहीच लिहिलं नाही तर नोटीस आल्यासारखं वाटेल. म्हणून हे चिडवायचंच नाव.

फोन करत नाही, कारण तुझं नाव दिसलं की आई तो स्पीकरवर टाकतात आणि ‘बोला गं दोघी’ म्हणून खुर्ची ओढून मध्ये बसतात. त्यांच्यादेखत आपण तब्येतीपलीकडे जात नाही. तुझा दादा म्हणतो, ‘तुमचं तुम्ही बघा,’ आणि पेपरात तोंड घालतो.

आधी कामाचं. मोठ्या कपाटाची दुसरी किल्ली तुझ्या पर्समध्ये गेली आहे. तीन नंबरच्या लॅपटॉपचा चार्जर जरा उचलून धरला तरच चालतो हे तुला ठाऊक होतं, मला शोधायला आठ दिवस लागले. शेवटी मुलांनीच सांगितलं, ‘ताई त्याखाली खोडरबर ठेवायची.’ आता मीही ठेवते.

‘ताई ठेवायची.’ बघ, इथूनच सुरू होतं. वाचनालयाच्या वरची ती खोली सात वर्षांपूर्वी मी मागून घेतली, शाळेतली गणिताची नोकरी सोडून. ग्रंथपालांच्या मागे लागून टेबलं मिळवली, जुने लॅपटॉप गोळा केले, पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकात एक अडकवून मुलं प्रोग्रॅम करायला शिकतात हे पालकांच्या गळी उतरवलं. तू आलीस पाचव्या वर्षी, ऑफिसला कंटाळून, ‘वहिनी, शनिवार-बुधवार येऊ का मदतीला?’ म्हणत. हो मीच म्हटलं. आणि महिन्याभरात मी झाले ‘बाई’ आणि तू ‘ताई’. माझ्यासमोर मुलं पाठ ताठ करून बसायची, तुझ्या टेबलाभोवती लोळायची.

आणि तो यंत्राचा खेळ. मूल सांगेल ते एकेक पाऊल करायचं, स्वतःची अक्कल वापरायची नाही, म्हणजे सूचनेत काय राहून गेलं ते मुलाला कळतं. खेळ माझा, माझ्या वहीतला. पण तू यंत्र झालीस की ‘दहा पावलं चाला’ म्हटल्यावर सातव्या पावलाला कपाटावर आपटायचीस आणि उरलेली तीन पावलं तिथेच जागच्या जागी टाकत राहायचीस. मुलं हसून हसून खाली बसायची. मी यंत्र झाले की कपाटाच्या अलीकडे पाय आपोआप थांबायचे. ‘बाई चीटिंग!’ असा ओरडा व्हायचा. मला दिसतंय ना कपाट, मी कशी आपटू?

प्रदर्शनाचं पुन्हा काढायचं नाही असं ठरवून बसले होते, तरी काढते. मोजणीबाईची गोगलगाय. नऊ वर्षांची पोर, पंख्याची पाती मोजते, जिन्याच्या पायऱ्या मोजते, माझ्या एका तासातले ‘म्हणजे’ मोजून मला शेवटी आकडा सांगते. माझ्या टेबलावर घडलेली, माझी. तिने आणि तुझ्या टेबलावरच्या त्या अखंड बोलणाऱ्या पोरीने, आपल्या ‘बडबडी’ने, मिळून ते केलं होतं. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी, एक माझ्या टेबलावर, एक तुझ्या. तीन म्हणता दोघींनी एकदम पडद्यावरचा, प्रोग्रॅम सुरू करायचा हिरवा झेंडा दाबायचा. गोगलगाय माझ्या पडद्यावर डावीकडून निघणार, अकरा सेकंदांत उजव्या कडेला पोचणार आणि दिसेनाशी होणार. मग चार सेकंद कुठेच काही नाही. आणि मग तीच गोगलगाय तुझ्या पडद्यावर डावीकडून आत येणार. दोन्ही लॅपटॉपांची एकमेकांशी काही जोडणी नाही, सगळा खेळ मोजण्याचा. चार सेकंद कशाला, असं विचारलं तर पट्टीने दोन पडद्यांमधलं अंतर दाखवून म्हणाली होती, ‘मधल्या फटीतून जायला वेळ नाही का लागणार बाई?’

आणि त्या दिवशी भरल्या खोलीत, सगळे आईबाप उभे असताना, गोगलगाय कडेला पोचली आणि वळून परत फिरली. चार सेकंदांनी तुझ्या पडद्यावर दुसरी निघाली. कुणीतरी मागून म्हणालं, ‘अगं, या तर दोन आहेत!’ आणि सगळे हसले. मोजणीबाई हातात पट्टी घेऊन तशीच उभी. मग तिने विचारलं, ‘माझं कुणी बदललं?’ कुणीतरी ‘कडेला पोचलीस की लप’ काढून तिथे ‘कडेला पोचलीस की मागे फिर’ लावलं होतं. तू वाकून पडद्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, ‘मी. सकाळी तपासताना. चिठ्ठी लावायची राहिली.’

नियम तुझाच होता ना? मुलांच्या कामाला मोठ्यांनी हात लावायचा नाही, लावलाच तर पडद्यावर त्या जागी नावासकट पिवळी चिठ्ठी चिकटवायची. तू म्हणालीस तू बदललंस, तर तसंच असणार. मी त्यावर काय बोलणार? पंधरा दिवसांत तू सामान बांधलंस, शिक्षकांना शिकवायची ती मोठी नोकरी धरलीस आणि गेलीस. सगळ्यांना वाटतं मी तुला घालवलं. आईंना तर खात्रीच आहे.

किल्ली पाठव.

वहिनी

ता. क. मोजणीबाई रोज येते. तुझं नाव काढत नाही. माझ्या अगदी जवळची खुर्ची घेते.


२ फेब्रुवारी

नणंदबाई,

किल्ली मिळाली. सोबत एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. ‘मोजणीबाई अजून मोजते का?’

मी तीन पानं लिहिली, तू सहा शब्दसुद्धा लिहू नयेस? तुझ्या दादाला दाखवलं तर तो म्हणाला, ‘प्रश्न सरळ आहे, उत्तर दे की.’ तुम्हा भावंडांचं हे एक बरं आहे, दुसऱ्याला कोंडीत पकडायचं आणि वर साधेपणा मिरवायचा.

तर ऐक. पोर मजेत आहे. माझ्या उजव्या हाताला बसते. डबा माझ्याजवळ ठेवते. परवा तिच्या आईने मला जिन्यात थांबवून सांगितलं, ‘घरी सारखं बाई म्हणाल्या, बाई म्हणाल्या चालू असतं.’ दोन वर्षं हेच वाक्य मी ‘ताई’ घालून ऐकत आले होते. त्या दिवशी मी घरी चालत गेले, रिक्षा न करता. इतकं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बडबडीने मध्ये एकदा विचारलं, ‘ताईला फोन करूया का?’ तर मोजणीबाई म्हणाली, ‘मला नको. ती न सांगता हात लावते.’ सगळ्या पोरांपुढे म्हणाली. मी फळा पुसत होते, पुसतच राहिले. पुसायला काही उरलं नव्हतं तरी.

हल्ली ती लॅपटॉप बंद करताना दोनदा बघते आणि पाणी प्यायला जाताना झाकण लावून जाते. ठोकळा जोडण्याआधी विचारते, ‘बाई, हा लावू?’ लावल्यावर विचारते, ‘बाई, बरोबर आहे?’ आधी कधी विचारायची नाही, मीच मागे लागायचे की दाखव म्हणून. शहाणी झाली असं मी दोन-तीन जणांना सांगितलंही.

मोजते का? मोजत असेल. माझं लक्ष नसतं.

आईंचा गुडघा बरा आहे. त्या तुझ्या खोलीतल्या चादरी दर आठवड्याला बदलतात, जिथे कुणी झोपत नाही. माझ्या खोलीतली कधी बदलली आठवत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

वहिनी


१६ फेब्रुवारी

हे पत्र मी वर्गात बसून लिहितेय. मुलं घरी गेली आहेत. खाली रस्त्यावर सायकलवाला टायर ठोकतोय, खोलीत खडूचा वास आहे.

तुझं दुसरं उत्तर आलं नाही म्हणून मी वाट बघत नव्हते. पण या बुधवारी असं झालं. मी सगळ्यांना सांगितलं, हवे ते प्राणी घ्या आणि हवं तिथे न्या. एकीचा मासा पडद्यावरून खाली पडून नाहीसा झाला, एकाचा हत्ती वर गेला आणि परत आलाच नाही, मुलं टाळ्या पिटत होती. मोजणीबाईने गोगलगाय घेतली. डावीकडून उजवीकडे, कडेला पोचली की मागे फिर. उजवीकडून डावीकडे, मागे फिर. तासभर ती तेवढंच बघत बसली होती. मी विचारलं, ‘आता हिला कुठे न्यायचं?’ म्हणाली, ‘कुठे नाही. असंच बरोबर असतं ना?’

मी विचारलं, ‘किती फेऱ्या झाल्या?’

म्हणाली, ‘मोजल्या नाहीत.’

तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही मोजत.

आता दुसरं. तो ठोकळा मी बदलला होता. तू नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही, पण कागदावर कुणीतरी लिहायला हवं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी खोली मी उघडली. सगळ्यांचे प्रोग्रॅम एकदा चालवून बघत होते. तिची गोगलगाय कडेला जाऊन नाहीशी झाली आणि मला वाटलं, पोरीची चूक राहिली. सात वर्षं मी मुलांना तेच दुरुस्त करून देत आले आहे, चित्र पडद्याबाहेर जातं आणि मूल रडतं. म्हणून लावला ‘मागे फिर’. घाईत चिठ्ठी राहिली. एवढंच. चूक झाली, पण ती मास्तरकीची चूक झाली.

आणि तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, अर्धं वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तू ‘मी’ म्हणून मोकळी झालीस. तुला ते कसं कळलं तेही मला माहीत आहे. काढलेला ठोकळा मी कधी टाकत नाही, उजव्या खालच्या कोपऱ्यात नीट बाजूला ठेवते. मुलं कचऱ्यात टाकतात, तू वाटेल तिथे सोडून देतेस. तो ‘लप’ माझ्या कोपऱ्यात बसलेला तू बघितलास आणि मग वर माझ्याकडे बघितलंस. फार तर एक सेकंद. तेवढ्यात तू ठरवून टाकलंस की वहिनीची लाज राखायची.

मला तुझे उपकार नको होते. तू खापर स्वतःवर फोडून घेतलंस, वर काही बोलली नाहीस, भांडली नाहीस, पंधरा दिवस माझ्या हातची पोळी खाल्लीस आणि बॅग उचलून गेलीस. आता घरात, वर्गात, कुठेही बसले तरी मी तुझी देणेकरीण. तू चांगली आणि मी जळकी, हे कायमचं ठरून गेलं. भांडली असतीस तर निदान बरोबरी झाली असती.

वहिनी


१ मार्च

तुझं पत्र आलं. या वेळी दोन ओळी. प्रगती आहे.

‘वहिनी, तिने स्वतःची पिवळी चिठ्ठी लावली होती. तुम्ही ठोकळा त्या चिठ्ठीच्या खालीच लावलात.’

हो.

मी दुपारभर हे पत्र घेऊन स्वयंपाकघरात उभी होते. आई विचारून गेल्या, ‘काय लिहिलंय तिने?’ म्हटलं, तब्येत बरी आहे म्हणते. त्या म्हणाल्या, ‘तिची की तुझी?’ म्हातारीला काय काय कळतं कोण जाणे.

चिठ्ठी मी वाचली होती. अक्षर न् अक्षर आठवतं. तिने लिहिलं होतं, ‘ही चूक नाही. इथे ती बाहेर जाते. चार सेकंद. मग ताईच्या टेबलावर.’

पोरीला माहीत होतं की बाई दुरुस्त करायला येतील. म्हणून तिने आधीच लिहून ठेवलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीने माझी खोड ओळखून माझ्यासाठी निरोप ठेवला होता, आणि तो वाचून मी जे करायचं तेच केलं.

‘ताईच्या टेबलावर.’ हे शब्द डोळ्यांत खुपले. तिला मी पहिला ठोकळा हातात दिला होता गं. तिच्या आईला वाटत होतं पोरगी मंद आहे, कारण ती सारखी काहीतरी पुटपुटत असायची. ती मोजत असते हे मी ओळखलं होतं. पहिल्यांदा मी. आणि तिने आयुष्यात जी पहिली खरोखर स्वतःची गोष्ट केली, ती माझ्या पडद्यावरून निघून तुझ्याकडे जाणारी केली. सगळ्यांसमोर. माझ्या टेबलावरून सुरुवात आणि तुझ्या टेबलावर टाळ्या. तुझ्या टेबलाकडून माझ्याकडे येणारी का नाही केली? मी हे मनात खरंच विचारलं, शेहेचाळीस वर्षांची बाई, रिकाम्या खोलीत, एका गोगलगायीवर जळत उभी.

ठोकळा काढायला आणि लावायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला वाटलं होतं, परत फिरेल, एवढंच होईल. तुझा पडदा रिकामा राहील, लोक जरा वेळ वाट बघतील, मग पांगतील. तुझ्या पडद्यावरची आपली आपण निघणारच आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. दोन्हीकडचं मोजून ठेवलेलं होतं, जोडणी नव्हती, हे मीच सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. सात वर्षं शिकवून मला एवढं दिसलं नाही. द्वेष करायचा तर निदान नीट करता यायला हवा होता.

‘दोन आहेत’ म्हणून लोक हसले तेव्हा तिचा चेहरा बघितलास? मी नाही बघितला. मी तुझा बघत होते. तू पडलेली दिसावीस म्हणून.

आता ती माझ्याजवळ बसते, ‘बाई, बरोबर आहे?’ विचारते, आणि तिचं काहीच कुठे जात नाही. जे हवं होतं ते सगळं मला मिळालंय. तिला खरं सांगितलं तर ही उजव्या हाताची खुर्ची रिकामी होणार. आणि नाही सांगितलं तर ती आयुष्यभर लॅपटॉपचं झाकण लावून पाणी प्यायला जाणार, आणि तुझं नाव काढणार नाही.

सांगते म्हणून इथे लिहिणार नाही. लिहिलं की केल्यासारखं वाटतं आणि मग करायचं राहून जातं.

वहिनी


८ मार्च

सांगितलं.

सगळ्यांसमोर सांगितलं, कारण तू सगळ्यांसमोर ‘मी’ म्हणाली होतीस. ग्रंथपालांनाही वर बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, पंख्याचं काहीतरी आहे.

मी म्हटलं, ‘प्रदर्शनाच्या दिवशी गोगलगायीचा ठोकळा ताईने नाही बदलला. मी बदलला.’

 बडबडीने मोजणीबाईकडे बघितलं. मोजणीबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘चिठ्ठी वाचली होती का तुम्ही?’

इथे एक पळवाट होती, तुला सांगते. ‘नाही गं, घाईत होते.’ पोरीने मानलं असतं. तिला मानायचंच होतं, ते तिच्या मानेवरून कळत होतं. मी म्हटलं, ‘वाचली होती.’

‘मग?’

‘मग मला राग आला. ती ताईच्या टेबलावर जाते म्हणून. मला ताईचा हेवा वाटत होता.’

‘पण तुम्ही तर मोठ्या आहात,’ ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. ‘आणि ताई खोटं का बोलली?’

‘मला वाचवायला.’

ती उठली. डबा, पट्टी, वही घेतली आणि मधल्या टेबलावर जाऊन बसली, तिथे कुणीच बसत नाही. मी म्हटलं, ‘तू सांगशील ते मी करेन.’ असं म्हणायला नको होतं बहुतेक, पण बोलून गेले. तिने पट्टी टेबलावर सरळ लावून ठेवली आणि म्हणाली, ‘मग यंत्र व्हा.’

मी खोलीच्या मध्यभागी उभी राहिले.

‘डावीकडे वळा. नऊ पावलं चाला.’

तिने तिच्या पावलांनी मोजलं असणार. माझ्या सातव्या पावलाला कपाट आलं. आपटले. गुडघ्याला चांगलंच लागलं, आणि उरलेली दोन पावलं मी तिथेच जागच्या जागी टाकली. कुणी हसलं नाही. तुला हसायचे.

‘उजवीकडे वळा. बारा पावलं. थांबा.’

बारावं पाऊल दाराबाहेर पडलं, व्हरांड्यात. मागे दार लागलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी. पुढची सूचना आली नाही. आतून बोलण्याचा आवाज यायला लागला, मग खुर्च्या सरकल्याचा, मग कुणाचा तरी हत्ती ओरडल्याचा. वर्ग चालू झाला होता, माझ्याशिवाय. ग्रंथपाल बाहेर पडले आणि माझ्याजवळ थबकले.

‘बाई, इथे का?’

‘थांबलेय.’

‘कुणासाठी?’

‘पुढच्या सूचनेसाठी.’

‘बरं वाटत नाहीये का?’

‘बरं वाटतंय,’ मी म्हटलं. आणि खोटं नव्हतं ते. ते दोन पायऱ्या उतरले, पुन्हा वळून बघितलं आणि गेले.

काचेतून आत डोकावता आलं असतं. मान जराशी वळवली तरी दिसलं असतं. गुडघा ठणकत होता. वाटलं, आता कपाटाची किल्ली द्यायची म्हणून जावं, पाणी प्यायचं म्हणून जावं. आत काय करत असतील, कुणाचं काही अडलं असेल, तीन नंबरचा चार्जर निसटला असेल. सात वर्षांत त्या खोलीत माझ्यावाचून काही झालेलं मी ऐकलं नव्हतं. समोरच्या भिंतीवर रंगाचा पोपडा सुटला होता, तो मला पाठ झाला. मी नाही हलले.

मग दार उघडलं. मोजणीबाई.

‘एक हजार एकशे सहा,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘सेकंद. मी मोजत होते. तुम्ही आत डोकावला नाहीत.’

‘यंत्र डोकावत नाही,’ मी म्हटलं.

तिने मान डोलावली, हिशोब जुळल्यासारखी. मग म्हणाली, ‘वळा. आत या.’ माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

मोजते अजून. हे तुझ्या पहिल्या पत्राचं उत्तर.

वहिनी


११ मार्च

नणंदबाई,

या पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे, हरवू नकोस. मोजणीबाईने दिलाय. माझ्या टेबलावर ती परत आलेली नाही, मधल्याच टेबलावर बसते. तिथून तिने मला विचारलं, ‘ताईच्या गावाला पत्र पोचायला किती दिवस लागतात?’ म्हटलं, सहा. तिने वहीत लिहिलं. मग म्हणाली, ‘आणि मधल्या फटीचे चार.’ मी म्हटलं, चार सेकंद ना? म्हणाली, ‘एवढ्या लांबच्या फटीला सेकंद कसे पुरतील, चार दिवस.’

आज सकाळी अकरा वाजता तिने झेंडा दाबला. सगळा वर्ग बघत होता. गोगलगाय माझ्या पडद्यावरून निघाली, उजव्या कडेला पोचली आणि गेली. बडबडीने तोंडावर हात धरला होता. मला तेव्हाही पोटात दुखलं, तुला म्हणून सांगते. बोटं तशीच पुढे निघाली, पण मी हात मागे बांधून उभी राहिले.

पेन ड्राइव्हमध्ये तुझ्याकडचा अर्धा भाग आहे. आतले ठोकळे तारीख आणि वेळ बघतात, तिने ते स्वतः शोधून काढलं, मी शिकवलेलं नाही. एकवीस तारखेला सकाळी अकरा वाजता ती तुझ्या पडद्यावर डावीकडून आत येईल. तू ते आधी उघडणार, मला माहीत आहे, तुला धीर नाही. आधी उघडलंस तर पडदा रिकामा दिसेल. सोमवारी रिकामा, मंगळवारी रिकामा. तुला वाटेल काहीतरी बिघडलंय.

रिकामा दिसला तरी काही जोडू नकोस.

बाई